शहाणी झालेली हरणे : न्यूझीलंडमधील हरीण-नियंत्रणाचा अनुभव

उभ्या पिकात शिरणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त करताना बहुतेक शेतकऱ्यांस एक अनुभव येतो. शेतात नवे बुजगावणे उभे केले, की पहिले काही दिवस रोह्यांचा कळप बांधावरूनच माघारी फिरतो. आठ-पंधरा दिवस लोटले, की तोच कळप बुजगावण्यापासून चार हातांवर उभा राहून निर्धास्तपणे हरभरा खाऊ लागतो. जनावर निर्ढावले, असे आपण म्हणतो. परंतु या गोष्टीस दुसरीही बाजू आहे. जे जनावर निरुपद्रवी वस्तूस भिणे सोडून देते, तेच खऱ्या धोक्यास अधिकाधिक भिण्यास शिकते. आणि तो धोका कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने व कशा आवाजानिशी येतो, हेही ध्यानात ठेवते.

हे शिक्षण किती दूरवर जाऊ शकते हे पाहावयाचे असेल, तर न्यूझीलंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील सरकारने १९३१ सालापासून पगारी शिकारी नेमून रानटी हरणांची संख्या कमी करण्याचे काम हाती घेतले. त्यानंतरच्या काळात लाखो हरणे मारली गेली. तरीही त्या देशाच्या डोंगराळ जंगलांत हरणे आजही आहेतच. मात्र ती पूर्वीसारखी सहज दृष्टीस पडत नाहीत.

शिकारीसाठी आणलेले प्राणी

माणूस पोचण्यापूर्वी न्यूझीलंडच्या बेटांवर वटवाघळांखेरीज जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. गवत व पाला खाणारे जनावर नाही आणि त्यास खाणारा वाघ-लांडगाही नाही, अशी ती भूमी होती. एकोणिसाव्या शतकात तेथे वसाहत करणाऱ्या इंग्रजांनी आपल्या देशातील उमरावांच्या करमणुकीची, म्हणजे शिकारीची, सोय येथे सर्वांसाठी करावी असे ठरविले. दक्षिण बेटावरील नेल्सन येथे १८५१ व १८६१ साली तांबडी हरणे आणण्यात आली. पुढील साठेक वर्षांत अशी सुमारे अडीचशे हरणे निरनिराळ्या ठिकाणी सोडण्यात आली. त्यांच्या जोडीस इतर जनावरेही आली. श्रीलंकेतून सांबरे नेण्यात आली. आपल्या हिमालयातील ताहर नावाची रानशेळी १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडण्यात आली व ती तेथे चांगलीच रुजली. चितळेही सोडून पाहण्यात आली, पण ती टिकली नाहीत.

प्रारंभी या हरणांना कायद्याचे संरक्षण होते. शत्रू नाही, चारा अमाप, हवा मानवणारी. अशा स्थितीत त्यांची वाढ झपाट्याने झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच मेंढपाळ, शेतकरी व वनाधिकारी यांच्या तक्रारी वाढू लागल्या. मेंढ्यांच्या कुरणात हरणे, सलगमाच्या शेतात हरणे, आणि जंगलात नवी रोपे वर येण्याआधीच खुडलेली, असे चित्र ठिकठिकाणी दिसू लागले. अखेरीस १९३० साली हरणांचे संरक्षण काढून घेण्यात आले. दुसऱ्याच वर्षी अंतर्गत व्यवहार खात्याने कॅप्टन येरेक्स या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सरकारी शिकाऱ्यांची पथके डोंगरात धाडली. १९५६ साली हे काम वनखात्याकडे व १९८७ साली निसर्गसंवर्धन खात्याकडे गेले.

त्या काळी या मोहिमेचे एक मोठे कारण जमिनीची धूप हे सांगितले जात असे. हरणे डोंगरमाथ्यावरील गवत खातात, त्यामुळे माती वाहून जाते व खालच्या मैदानात पूर येतात, असा तो युक्तिवाद होता. तो पुरता खरा ठरला नाही. ते पर्वत वयाने कोवळे, उताराने तीव्र व पावसाने झोडपलेले असल्यामुळे तेथे हरणे येण्यापूर्वीही दरडी कोसळत होत्या, असे ग्रेम कॉले यांसारख्या शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. जंगलातील रोपांची हानी मात्र निर्विवाद होती. हरणास जी झाडे आवडतात त्यांची नवी पिढीच उभी राहत नाही. नावडती झाडे तेवढी माजतात.

हरणाची इंद्रिये

सरकारी शिकाऱ्यांचा अनुभव पाहण्यापूर्वी हरणाजवळ कोणती साधने आहेत हे पाहिले पाहिजे. पहिले व सर्वांत विश्वासू साधन म्हणजे नाक. वाऱ्याची झुळूक शिकाऱ्याच्या पाठीकडून हरणाकडे वाहत असेल, तर माणूस दिसण्यापूर्वीच हरीण निघून जाते. डोळ्यांची बुबुळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळविताही त्यास भोवतालचा फार मोठा भाग दिसतो, आणि बारीकशी हालचालही टिपली जाते. रंगांच्या बाबतीत मात्र हरणाची नजर माणसाहून उणी आहे. तांबडा व नारिंगी हे रंग त्यास हिरव्यापासून नीट वेगळे ओळखता येत नाहीत. निळा रंग चांगला दिसतो. यामुळेच पुष्कळ देशांत शिकारी परस्परांच्या गोळीपासून बचाव व्हावा म्हणून भडक नारिंगी अंगरखा घालतात व त्याने शिकारीस बाध येत नाही. कान तर दोन्ही स्वतंत्रपणे वळतात. खाली मान घालून चरणाऱ्या हरणाचा एक कान नेहमी मागे असतो, हे आपल्याकडील गुराख्यांसही ठाऊक आहे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कळपाची रचना. तांबड्या हरणांत वर्षाचा बराच काळ नर वेगळे राहतात. माद्यांच्या लहान कळपात एक वयस्क मादी, तिच्या मुली व पाडसे असतात. वाट कोणती धरावयाची, केव्हा थांबावयाचे, केव्हा पळावयाचे हे बहुधा ती वयस्क मादी ठरविते. पाडस जवळजवळ वर्षभर आईच्या मागे असते. तेवढ्या अवधीत पाण्याच्या जागा, लपण्याच्या जागा व भिण्याच्या जागा त्यास तोंडपाठ होतात.

एक मेले, चार शिकली

सरकारी शिकाऱ्याच्या वाट्यास एखादे खोरे देण्यात येई. तंबू किंवा लाकडी झोपडी, बंदूक, काडतुसे, पीठ व चहा एवढ्या सामग्रीवर तो कित्येक महिने डोंगरात काढी. त्यास पगार मिळे व त्याखेरीज मारलेल्या जनावरामागे काही रक्कम मिळे; पुरावा म्हणून कातडे किंवा शेपटी दाखवावी लागे. पहिल्या काळात हे काम सोपे होते. हरणांचे मोठे कळप भरदिवसा झाडीच्या वरच्या उघड्या गवताळ माथ्यांवर चरत असत. गोळीचा आवाज झाला तरी ती गोंधळून उभी राहत, कारण त्या आवाजाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.

तो अर्थ त्यांना लवकरच कळला. पाच जनावरांच्या कळपातील एक मारले व चार निसटली, की त्या चारांना एकाच वेळी पुष्कळ गोष्टी समजतात. माणसाचा वास, त्याची चाल, गोळीचा आवाज आणि पडलेले सोबती या सर्वांची सांगड त्यांच्या मनात बसते. पुढल्या वेळी यांपैकी एक खूण मिळाली तरी पळण्यास पुरते. त्यातही निसटलेली वयस्क मादी असेल, तर पुढे जन्मणारी पाडसेही, स्वतः एकही गोळी न ऐकता, तिच्यामागून तेच शिकतात.

यामुळे हरणांचा दिनक्रम बदलला. उघड्या माथ्यावर येणे पहाटे व तिन्हीसांजेपुरते उरले. पुढे ते रात्रीवर गेले. दिवसा हरीण झाडीच्या कडेपासून दूर जाईना. ज्या खोऱ्यात शिकारी वरचेवर एकाच वाटेने जाई, तेथे ती वाट सोडून चरणे सुरू झाले. हरीण बुद्धिमान आहे म्हणून ते असे करते, असे मानण्याचे कारण नाही. सावधपणाची किंमत त्यास थोडी द्यावी लागते व बेसावधपणाची फार, एवढाच हा हिशेब आहे.

मारलेल्या जनावरामागे पैसे देण्याची पद्धत या ठिकाणी उलटली. ज्यास कातडी मोजून मोबदला मिळणार, तो शिकारी जेथे हरणे पुष्कळ व भोळी आहेत तेथेच जाणार. जेथे थोडी, पण सावध झालेली हरणे उरली आहेत, ते खोरे त्यास परवडत नाही. वस्तुतः नव्या वाढीचे बी नेमके तेथेच असते. कागदोपत्री आकडा मोठा दिसे, पण रानात काय शिल्लक आहे याचा उलगडा त्या आकड्यावरून होत नसे.

साधे गणित करून पाहावे. समजा, एका खोऱ्यात १०० हरणे आहेत व चाऱ्याची सुबत्ता असल्यामुळे वर्षाकाठी त्यांत २५ ची भर पडते. शिकाऱ्याने २० मारली तर पुढील वर्षी तेथे १०५ हरणे असतील. २० हा आकडा अहवालात शोभून दिसेल. पण संख्या वाढलीच. त्यात मारलेले बहुतेक नर असतील तर वाढीस काहीच अटकाव नाही, कारण एक नर अनेक माद्यांस पुरतो. शिंगांच्या हौसेने केलेली शिकार संख्या घटविण्यास निरुपयोगी ठरते ती यामुळेच.

हेलिकॉप्टर आल्यावर

१९६० नंतरच्या दशकात या कथेस वेगळे वळण लागले. हरणाच्या मांसास पश्चिम जर्मनीत चांगला भाव येऊ लागला आणि खासगी व्यापारी हेलिकॉप्टर घेऊन डोंगरात उतरले. जे माथे गाठण्यास माणसास दिवस लागे तेथे हे यंत्र काही मिनिटांत पोचे; वरूनच गोळी घालावयाची व मेलेली जनावरे दोराला लटकावून खाली आणावयाची, अशी रीत पडली. सरकारी शिकाऱ्यांस कित्येक वर्षांत जे साधले नाही ते या व्यापाऱ्यांनी दहा-पंधरा वर्षांत केले. उघड्या गवताळ माथ्यांवरील हरणे अतिशय विरळ झाली. पुढे हरीणपालनास १९६९ साली कायद्याने मुभा मिळाल्यावर जिवंत हरणास मेलेल्याहून अधिक किंमत येऊ लागली व हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून ती पकडली जाऊ लागली. आज तो तेथील एक रीतसर शेतीधंदा आहे.

तथापि या वेगवान यंत्रासही हरणांनी उत्तर शोधले. दूरवरून घरघर ऐकू येताच जी हरणे उघड्यावर धावत सुटली ती मेली. जी जवळच्या झुडपात शिरून निश्चल उभी राहिली ती वाचली. जी मुळातच दाट झाडी सोडून बाहेर येत नव्हती ती तर वाचलीच. काही वर्षांत असे झाले, की हेलिकॉप्टरचा आवाज म्हणजे लपण्याची घंटाच ठरला.

येथे दोन गोष्टी एकत्र घडतात व त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. कापसावरील बोंडअळीवर एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले, तर त्या औषधास दाद न देणाऱ्या अळ्या तेवढ्या जगतात व त्यांचीच प्रजा वाढते. यात अळी काही शिकत नाही. जी मुळातच वेगळी होती ती उरते, एवढेच. हरणांतही असे घडते : स्वभावतः धीट व भटकी हरणे आधी मरतात, भित्री व एके जागी राहणारी उरतात. पण हरणाच्या बाबतीत यावर आणखी एक भर पडते. उरलेले हरीण आपल्या आयुष्यात शिकतेही.

हा भेद कॅनडातील एका अभ्यासाने चांगला स्पष्ट केला आहे. तेथील आल्बर्टा प्रांतात एल्क नावाचे, आपल्या सांबराहूनही थोराड, असे हरीण आहे. शास्त्रज्ञांनी त्यांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारे पट्टे बांधले व कोणते जनावर कोठे, किती फिरते आणि शेवटी कोणते शिकाऱ्याच्या हाती पडते, याची नोंद ठेवली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की जास्त फिरणारी व मोकळ्या जागी वावरणारी एल्क अधिक मारली जातात. ही निवड झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ४९ माद्यांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तेव्हा तीच मादी वय वाढेल तसतशी आपली वागणूक बदलते, असे आढळले. शिकारीच्या हंगामात तिचे फिरणे कमी होते. शिकारी रस्त्याने येतात म्हणून रस्त्याच्या जवळ असताना ती दाट झाडी व अवघड चढण यांचा आश्रय अधिक घेते. धनुष्यबाणाने शिकार करण्याचा हंगाम व बंदुकीचा हंगाम तेथे वेगळे असतात. त्या दोहोंत तिचे वागणेही वेगळे असते. नऊ-दहा वर्षांची झालेली मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. अशी मादी त्यानंतरही कित्येक वर्षे जगू शकते व पाडसांस वाट दाखवू शकते.

पद्धत बदलावी लागली

या अनुभवामुळे संख्या घटविण्याचे काम करणाऱ्यांनी आपले नियम बदलले. पहिला नियम असा, की संपूर्ण कळप हाती लागण्यासारखा नसेल तर गोळीच घालू नये. एक जनावर मारण्याच्या लोभाने चार जनावरांस शहाणे करणे हा तोट्याचा व्यवहार मानला जातो. अमेरिकेतील नगरांच्या आसपास हरणे फार वाढतात तेथे प्रशिक्षित नेमबाज मका टाकून कळपास ठराविक जागेची सवय लावतात, आवाज दाबणारे यंत्र बंदुकीस बसवितात आणि एका बैठकीत सर्व जनावरे पाडता येतील अशा वेळीच काम करतात. जपानमध्ये शिकाऱ्यास सरावलेल्या अशा बेरकी हरणास ‘सुरे-जिका’ असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे, यावरून ही अडचण किती सार्वत्रिक आहे ते दिसून येते.

दुसरा नियम म्हणजे एकाच पद्धतीवर विसंबू नये. न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य टोकास फिऑर्डलँड नावाचा खाड्यांचा प्रदेश आहे. तेथील सेक्रेटरी बेटावर हरणे समुद्र पोहून पोचली होती. ती समूळ काढून टाकण्याचे काम २००६ साली सुरू झाले. हेलिकॉप्टर, पायी शिकारी, वास काढणारे कुत्रे, व हरीण आत शिरल्यावर बंद होणारी कुंपणे, अशी सर्व साधने तेथे योजण्यात आली. बहुतेक हरणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच गेली. खरा कस लागला तो त्यानंतर. उरलेल्या मूठभर हरणांमागे दर जनावरास लागणारे श्रम पूर्वीच्या कितीतरी पट झाले. आणि मुख्य भूमीवरून नवी हरणे पोहून येण्याची शक्यता कायमच होती. म्हणूनच अशा कामाचे मोल मारलेल्या संख्येवरून न ठरविता शिल्लक जनावरांच्या खुणांवरून, म्हणजे ताज्या लेंड्या, पावलांचे ठसे व खुडलेले शेंडे यांवरून ठरविण्याचा प्रघात पडला आहे.

आपल्याकडील शेतकऱ्यांसाठी

न्यूझीलंडमधील हरणे परकी होती. आपल्याकडील काळवीट, चितळ, सांबर व रोही ही या भूमीचीच जनावरे आहेत. (शास्त्रदृष्ट्या रोही व काळवीट ही हरणांच्या कुळातील नव्हेत, ती कुरंगवर्गातील आहेत, परंतु पिकाच्या दृष्टीने हा भेद गौण आहे.) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. रोह्याच्या बाबतीत उभ्या पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पिकाच्या कारणावरून त्यास मारण्याची परवानगी मिळत नाही. तेव्हा बंदुकीचा मार्ग शेतकऱ्यास स्वतःहून मोकळा नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे एखाद-दुसरे जनावर मारून फारसे साधतही नाही.

परंतु जनावर शिकते, हे ज्ञान राखणीच्या कामी निश्चित उपयोगी पडते. बुजगावणे, वाजणारे पत्र्याचे डबे, चकचकीत फिती, फटाके यांपैकी कोणतेही साधन पेरणीपासून काढणीपर्यंत एकाच जागी ठेवू नये. पीक धोक्याच्या अवस्थेत येईल, म्हणजे हरभरा घाटे धरू लागेल किंवा सोयाबीनची कोवळी पाने फुटतील, तेव्हाच ते बाहेर काढावे, दर दोन-तीन दिवसांनी त्याची जागा बदलावी आणि आलटून-पालटून दुसरे साधन वापरावे. आवाजाचे साधन ठराविक अंतराने वाजत राहिले तर जनावर त्याची लय ओळखते. म्हणून ते अनियमित वाजवावे. माळ्यावर जागल करणाऱ्याने अधूनमधून खाली उतरून बांधाने फेरी मारावी. आवाजामागे खरोखरीच माणूस चालून येतो, असा अनुभव जनावरास मधून मधून मिळाला तरच त्या आवाजाचा वचक राहतो. जागल एकट्याने न करता शेजारच्या चार-सहा शेतकऱ्यांनी वाटून घेतली तर झोपही होते, आणि एका शेतातून हुसकलेला कळप दुसऱ्याच्या शेतात बसत नाही.

कळप रोज कोणत्या ओढ्याने किंवा कोणत्या खिंडीने येतो हे पावलांवरून पाहून ठेवावे. आठवडाभराची अशी नोंद असली, की कुंपणाचे थोडे साहित्यही योग्य जागी लावता येते. कुंपणाच्या तारेत घरगुती वा पंपाचा वीजप्रवाह मात्र कदापि सोडू नये. तो बेकायदेशीर आहे. शिवाय त्याने रात्री पाणी द्यावयास निघालेले शेतकरीच प्राणास मुकल्याच्या घटना वारंवार घडतात. सौरऊर्जेवर चालणारे, क्षणिक व सौम्य झटका देणारे प्रमाणित यंत्र ही वेगळी वस्तू आहे. ते बसविताना जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पिकाचे नुकसान झाल्यास शेत आवरण्यापूर्वी विनाविलंब जवळच्या वनपालास किंवा वनक्षेत्रपालास लेखी कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन नुकसानभरपाईचा दावा करता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा अर्जांसोबत कळपातील जनावरांची अंदाजे संख्या, येण्याची वेळ व दिशा यांचीही नोंद ठेवावी.